उंच, जड झाडांना आधार: गच्चीवरच्या हायड्रोपोनिक बागेसाठी

हायड्रोपोनिक म्हणजे मातीऐवजी खत विरघळवलेल्या पाण्यावर झाड वाढवणं. पालक, लेट्यूस, कोथिंबीर असं पाण्यावर घेताना आधाराचा प्रश्न येत नाही. टोमॅटो, वांगं, ढोबळी मिरची, काकडी, कारलं लावलं की दोन महिन्यांत तो उभा राहतो, आणि बहुतेकांच्या तो लक्षात येतो झाड पडल्यावरच. मातीतलं झाड मुळांनी जमीन धरून उभं असतं. पाण्यातल्या मुळांना धरायला काहीच नसतं. ती मऊ, ठिसूळ असतात, अन्न चांगलं घेतात पण ओझं पेलत नाहीत. वर मात्र खत थेट मिळत असल्यामुळे झाड मातीतल्यापेक्षा वेगाने वाढतं. खाली पकड कमी आणि वर वजन जास्त, अशी ही अवस्था पहिल्या दिवसापासून ठरलेली असते.

म्हणून एक नियम आधी ठरवून घ्या: झाडाचं वजन बादलीवर, नेट कपवर (रोप ज्यात बसवतात तो जाळीदार कप) किंवा पाइपवर येता कामा नये. ते वरच्या चौकटीवर जायला हवं. बादली फक्त मुळं आणि पाणी सांभाळते.

बादलीत काठी खोचून का भागत नाही, हे आकड्यांत पाहा. २० लिटरच्या बादलीचा तळ साधारण २६ सेंमी व्यासाचा. तिच्यात १५ लिटर द्रावण, म्हणजे खताचं पाणी, असलं, तर जमिनीपासून १२० सेंमी उंचीवर आडवा दीड किलोचा जोर लागला की ती कलंडते. पाणी ७ लिटरवर आलं की पाऊण किलो पुरतो. दीड-दोन हात रुंद पसरलेल्या टोमॅटोवर ताशी ३० किमीच्या साध्या वाऱ्यातही सव्वा किलोच्या आसपास जोर येतो, आणि ताशी ६० किमीला तो पाच किलोवर जातो. कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

आता यात नागपूरचा उन्हाळा मिसळा. एप्रिल-मेमध्ये फळांवर आलेलं मोठं झाड दिवसाला ३ ते ४ लिटर पाणी पितं. सकाळी भरलेली बादली दुपारी चारला हलकी झालेली असते आणि आपल्याकडे अवकाळीचं वादळ नेमकं त्याच सुमारास, दुपार कलल्यावर उठतं. झाडं पडतात ती बहुधा या वेळेला. चौकट केली तरी उन्हाळ्यात दुपारी साडेतीन-चारला बादल्या पुन्हा भरायची सवय लावून घ्या.

चौकट

खालची मापं ६ झाडांसाठी आहेत. लांबी २.४ मीटर, रुंदी ८५ सेंमी, उंची २.१ मीटर. एक इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, ६ मीटरच्या तीन नळ्या लागतात. नागपुरात इतवारीतल्या लोहा ओळीत पाइप मिळतो आणि तिथेच कापूनही देतात. कापणी अशी सांगा: पहिल्या दोन नळ्यांतून प्रत्येकी २.१ मीटरचे दोन उभे खांब आणि ८५ सेंमीचे दोन आडवे तुकडे. तिसरीतून २.४ मीटरच्या दोन दांड्या. उरलेल्या १.२ मीटरचे ६०-६० सेंमीचे दोन तुकडे करून घ्या, ते कोपऱ्यात तिरके लावायला येतात.

चार खांब, वर दोन लांब दांड्या, अरुंद बाजूंना वर एकेक आणि जमिनीपासून एक मीटरवर एकेक आडवा तुकडा. वेल्डिंग केलं तर सांध्यावरचा जस्ताचा थर जळतो, तिथे झिंक पेंटचे दोन हात द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी वेल्डिंगऐवजी पाइप क्लॅम्प वापरावेत, चौकट उलगडून नेता येते. मागच्या लांब बाजूला अडीच मिमीच्या जीआय तारेची फुली मारा आणि प्रत्येक तारेत एक टर्न बकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) ठेवा. ही फुली नसेल तर चौकट लांबीच्या दिशेने डुलते, आणि डुलण्याने सांधे हळूहळू ढिले होतात.

पाय स्लॅबमध्ये रोवू नका. गच्चीच्या फरशीत ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि जुलैमध्ये खालच्या खोलीचं छत ओलं होतं. त्याऐवजी रंगाच्या १० लिटरच्या चार रिकाम्या बादल्या घ्या, प्रत्येकीत एक खांब उभा करा आणि काँक्रीट भरा. चारही बादल्यांना मिळून १३ किलो सिमेंट, १८ लिटर रेती आणि ३५ लिटर बारीक गिट्टी लागते. खांबाचं टोक बादलीच्या तळापासून ३-४ सेंमी वर राहू द्या, नाहीतर तळातून पाणी शिरून पाइप आतून सडतो. ओळंबा लावून खांब सरळ करा, चारही खांब वरच्या दांड्यांना जोडलेले असतानाच भरा आणि सात दिवस पाणी मारा. प्रत्येक ठोकळा २४ किलोच्या आसपास होतो.

एवढ्या वजनावर ही चौकट ताशी ६० किमीच्या वाऱ्यात उभी राहते, ९० किमीच्या वाऱ्यात राहत नाही. आणि भारतीय मानक आयएस ८७५ नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग धरतं सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किमी. तेवढा झोत वर्षानुवर्षं येत नाही, पण वजनाच्या भरवशावर चौकट मोकळी सोडणं धोक्याचं आहे. ती उलटली तर पॅरापेटवरून, म्हणजे गच्चीच्या कठड्यावरून, खाली रस्त्यावर जाते. म्हणून चौकट पॅरापेटला लावून ठेवा आणि किमान दोन ठिकाणी बांधा. रेलिंग असेल तर यू क्लॅम्पने. नुसती भिंत असेल तर तिच्या आतल्या बाजूला, फरशीपासून किमान ४५ सेंमी वर, १० मिमीचा अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) मारून. जुन्या, पोकळ वाजणाऱ्या प्लास्टरवर अँकरचा भरवसा धरू नका. तिथे गिलावा फोडून खालची वीट घट्ट आहे का ते आधी बघा.

भाराचाही हिशेब करा. ठोकळे, पाइप, भरलेल्या सहा बादल्या आणि फळांसकट झाडं मिळून ३०० किलो होतात, आणि जागा जेमतेम दोन चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला १५० किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी साधारण एवढाच भार धरलेला असतो. म्हणून चौकट गच्चीच्या मधोमध ठेवायची नाही. ती भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे घ्या. अशा दोन चौकटी करायच्या असतील तर शेजारी-शेजारी नको, दोन वेगवेगळ्या बाजूंना ठेवा.

बांबू चालतो का? गडचिरोलीकडचा जाड, भरीव बांबू चांगला असतो आणि स्वस्तही पडतो. पण आपल्या उन्हात तो चिरतो, ओलीकडचं टोक सडतं आणि भुंगा लागला की आतून पोखरला जातो. एका हंगामासाठी ठीक. दुसऱ्या हंगामाआधी प्रत्येक बांबू गुडघ्यावर वाकवून बघा, करकर आवाज आला की काढून टाका.

दोरी

दोरीवर लोक पैसे वाचवतात आणि इथेच झाड जातं. साधी सुतळी पावसाळ्यात कुजते. साधी प्लास्टिक दोरी एक उन्हाळा काढते आणि नंतर हातात भुगा होते. बारीक नायलॉन फळांच्या वजनाने खोडात रुतते. पॉलीहाऊसचं सामान विकणाऱ्यांकडे उन्हाला टिकणारी, यूव्ही प्रक्रिया केलेली पॉलिप्रॉपिलीन ट्वाइन मिळते, तीच घ्या, आणि तिथूनच टोमॅटो क्लिपही (खोड आणि दोरी एकत्र धरणारे प्लास्टिकचे चिमटे) घ्या. एका झाडाला साडेतीन मीटर दोरी आणि ८ ते १० क्लिपा पुरतात. पांढरे केबल टायही उन्हात तडकतात. वापरायचेच असतील तर काळे घ्या.

दोरी रोप लावायच्या दिवशीच बांधायची. महिनाभराने बांधायला गेलं की मुळं हलतात, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि काहीतरी मोडतंच. वरचं टोक एस हुकला गुंडाळा, एक मीटर दोरी हुकवर जास्तीची ठेवा, हुक दांडीत अडकवा. खालचं टोक खोडाला गाठ मारून बांधू नका. खालच्या पहिल्या पक्क्या पानाखाली क्लिप लावा, आणि क्लिपच्या बिजागरीत दोरी पकडली गेली आहे ना ते नखाने चाचपा. क्लिप नसेल तर न सरकणारी गाठ मारून अंगठा आत जाईल एवढा सैल फास ठेवा. टोमॅटोचं खोड पुढे दोन-अडीच सेंमी जाड होतं. आज बरोबर बसलेला फास तीन महिन्यांनी त्याचा गळा आवळतो.

दोरीचं टोक बादलीत लोंबू देऊ नका. ओल्या दोरीतून द्रावण वर चढतं, बाहेर ठिबकतं आणि खोडाच्या बुडाशी क्षार जमतात. बुडाशी पांढरी पापडी दिसली की आधी हेच तपासा.

पुढे दर तीन-चार दिवसांनी शेंडा दोरीभोवती फिरवायचा, प्रत्येक दोन पानांमागे एक वळसा. दिशा कायम एकच ठेवा. कधी डावीकडून, कधी उजवीकडून फिरवलं तर वजन आलं की वळसे सुटतात आणि झाड दोरीवरून घसरून खाली बसतं. दर २० ते २५ सेंमीवर एक क्लिप, नेहमी पानाच्या देठाखाली. फळांच्या घोसाखाली क्लिप लावली की घोसाचा देठ मोडतो. हे काम दुपारनंतर करा. सकाळी खोडात पाणी भरलेलं असतं, ते ताठ असतं आणि वळवताना काडकन मोडतं. दुपारी तेच खोड लवतं. बगलेतली फूट काढणं मात्र सकाळी, म्हणजे जखम दिवसभरात सुकते.

दोरीला टांगलेलं झाड खाली पडत नाही, पण वाऱ्याने झोके घेतं. त्यासाठी ६० आणि १२० सेंमीवर झाडांच्या दोन्ही बाजूंनी आडवी दोरी ताणा, झाडं त्या दोहोंच्या मधे राहतील अशी. बादल्या एका दांडीखाली तीन, दुसरीखाली तीन, समोरासमोर न येता एकाआड एक ठेवा आणि प्रत्येकीला बाहेरून एक वीट लावा. खोड जिथे पाइपला टेकतं तिथे पाइपवर जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या लोखंडाने खोडाची साल भाजते. सायकलची जुनी ट्यूब त्या जागी नको, काळं रबर आणखी तापतं.

बुडाशी

पाच सेंमीचा नेट कप मोठ्या झाडाला पुरत नाही. बादलीच्या झाकणात १५ सेंमीचा नेट कप बसवा आणि तो मातीच्या भाजलेल्या गोळ्यांनी, म्हणजे लेकाने, काठोकाठ भरा. अर्धवट भरला की रोप आत लटलट हलतं, आणि प्रत्येक हालचालीत नवी मुळं तुटतात. झाकण पातळ असेल तर वजनाने मधे खचतं. नेट कपच्या काठाखाली दोन आडव्या पट्ट्या टाका. रोप लहान असताना लावलेली फोमची किंवा निओप्रीनची चकती खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की काढायचीच, ती पुढे बुडाशी खोड आवळते आणि तिथे कुज सुरू होते.

टोमॅटोचं रोप नेट कपमध्ये पहिल्या पानांपर्यंत खोल लावता येतं, कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात आणि तेवढी पकड वाढते. वांगं आणि ढोबळी मिरची मात्र रोपवाटिकेत जेवढी खोल होती तेवढीच ठेवा.

फक्त पाण्याच्या बादलीपेक्षा डच बकेट मोठ्या झाडांना जास्त मानवते. ११-१२ लिटरची बादली, आत परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा परलाइट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि निचऱ्याचा एल्बो (पाइपचा कोपरा) असा लावलेला की तळाशी ४-५ सेंमी द्रावण उरतं. मुळांना धरायला माध्यम असतं, पंप बंद पडला तरी काही तास झाड तग धरतं. तरीही चौकट हवीच. ओलं परलाइट भरलेली बादली द्रावणाच्या भरलेल्या बादलीपेक्षा हलकी असते, हे विसरू नका.

चार इंची पीव्हीसी पाइपची मांडणी पालेभाज्यांसाठी आहे. तिच्यात टोमॅटो लावला तर मुळांचा गठ्ठा पाइप अडवतो, पाणी भोकातून वर येतं आणि पाइप दोन स्टँडमध्ये खचतो. लावलेलाच असेल तर स्टँडमधलं अंतर एक मीटरपेक्षा कमी करा, दोन झाडांमध्ये दोन भोकं रिकामी सोडा आणि वजन पूर्णपणे वरच्या दोरीवर घ्या. पुढच्या हंगामात मात्र टोमॅटोला बादली द्या.

उभं असलेलं झाड एकाएकी बुडाशी डुलू लागलं तर आधार शोधण्याआधी झाकण उचलून मुळं बघा. ३५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ७ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळतो, २० अंशांना ९. तापलेल्या बादलीत मुळं तपकिरी, चिकट होऊन कुजतात आणि पकडही जाते. बादलीला बाहेरून पांढरा रंग, सावली आणि चालता एअर पंप, हाही आधाराचाच भाग आहे.

कोणत्या झाडाला काय

टोमॅटोला एकच खोड ठेवा, बाकी सगळी फूट काढा. आपल्याकडे रोपं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये बादलीत गेली तर डिसेंबर ते मार्च तोडा चालतो. त्यानंतर दिवसा ३५ आणि रात्री २५ अंशांच्या वर गेलं की फूल गळतं. तेव्हा नुसता पाला वाढवत दोरीवर ओझं ठेवण्यात अर्थ नाही, झाड काढा. शेंडा दांडीला पोचला की दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खालची पानं काढून, हुकवरची जास्तीची दोरी सोडून, वेल २०-३० सेंमी खाली घेणं आणि हुक दांडीवर बाजूला सरकवणं. दुसरा म्हणजे शेवटच्या घोसावर दोन पानं राखून शेंडा खुडणं. सहा झाडांच्या बागेत दुसराच मार्ग बरा. आपला हंगाम थंडीपुरता असतो आणि वेल खाली घेताना नवख्या हाताने खोड मोडण्याची शक्यता फार.

ढोबळी मिरचीचं खोड मजबूत दिसतं, पण फांद्यांच्या दुबेळक्यात ते ठिसूळ असतं. फळं भरली की ते तिथून उभं चिरतं. पहिल्या दुबेळक्यातलं फूल काढून टाका, दोनच फांद्या ठेवा आणि प्रत्येकीला स्वतंत्र दोरी द्या, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. भिवापुरीसारख्या बारीक मिरचीला एवढं लागत नाही. तिला ३० आणि ५० सेंमीवर चहूबाजूंनी आडव्या दोऱ्यांचा वेढा पुरतो.

वांग्याला तीन फांद्या, तीन दोऱ्या. भरताचं वांगं अर्धा किलोच्या वर जातं, त्यामुळे फांदी फळाच्या लगेच वर क्लिपने धरा.

काकडी, कारलं, दोडकं स्वतः तणावे टाकून चढतात, पण सुरुवातीचे दोन आठवडे त्यांना दोरीवर न्यावं लागतं. १५ सेंमी चौकटीची जाळी असेल तर फळ जाळीत अडकून आकार बिघडू नये म्हणून रोज एक फेरी मारा. दुधी आणि खरबुजाला झोळी लागते. फळ मुठीएवढं झालं की जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चार कोपऱ्यांनी दांडीला बांधा. झोळी वेलीला बांधायची नाही, दांडीलाच.

फ्लॅटच्या बाल्कनीत एखाद-दोन झाडं असतील तर चौकट न करताही जमतं. बंगईच्या (झोपाळ्याच्या) कड्या स्लॅबमध्ये आधीच असतील तर त्यांच्यात एक दांडी अडकवा, सहा-आठ किलोचं झाड त्यांना काहीच नाही. ग्रिलला बांधताना दोरी ग्रिलच्या धारेवर घासत नाही ना ते बघा, तिथे रबरी नळीचा तुकडा चढवा.

रोप टणक करणं

आधाराची अर्धी गरज रोपावस्थेत कमी करता येते. चार पानांच्या रोपांवरून रोज २०-३० वेळा तळहात हलकेच फिरवा, खोड बुटकं आणि जाड होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ५० टक्क्यांची शेडनेट काढून ठेवा. थंडीच्या मंद उन्हात तिच्याखाली झाड उंच, लेचंपेचं होतं. गर्द हिरवी, मोठी, वळलेली पानं आणि लांबच लांब पेरं दिसली तर नत्र जास्त होतंय, फळधारणेच्या खतावर या, पोटॅश वाढवा. कूलरचा झोत एकाच बाजूने झाडांवर येऊ देऊ नका, झाड एका कुशीला वाकतं.

वादळाचा अंदाज असेल तेव्हा

बादल्या काठोकाठ भरा. शेडनेट चौकटीवरून उतरवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जाळी लावलेली चौकट वाऱ्यापुढे जवळजवळ भिंतीसारखी वागते. पिकलेली आणि पिकायला आलेली फळं तोडून घ्या. टर्न बकल ताणा, पॅरापेटच्या गाठी तपासा. मोकळ्या बादल्या चौकटीच्या आत घ्या.

मोडलंच तर

खोड वाकून चिरलं पण साल एका बाजूने जुळलेली असेल तर टोमॅटो वाचतो. तासाभराच्या आत करा. फळं आणि निम्मी पानं काढून ओझं उतरवा. खोड हळूच सरळ करा, चिरेच्या दोन्ही बाजूंनी आइस्क्रीमच्या काड्या लावा आणि ताणल्या जाणाऱ्या टेपने गुंडाळा. वर आणि खाली क्लिप लावून दोरीवर वजन घ्या. दोन-तीन दिवस सावली द्या. दहा दिवसांत तिथे गाठ येते, टेप तिसऱ्या आठवड्यात काढा. ढोबळी मिरचीची चिरलेली दुबेळकी लगेच दाबून बांधली तर धरते, दुसऱ्या दिवशी बांधून उपयोग नाही.

बादलीसकट झाड आडवं झालं असेल तर त्याला खोडाला धरून उचलू नका. आधी बादली सरळ करा, मुळं ओल्या कापडाने झाका, द्रावण भरा, आणि मगच दोरीने खोड एकदम सरळ न ओढता दोन दिवसांत दोन टप्प्यांनी वर घ्या. पहिल्या दिवशी ते मलूल दिसेल. मुळं तुटलेली असतात, म्हणून त्या आठवड्यात खताचं प्रमाण निम्म्यावर आणा.

हंगाम संपला की दोरी वेलीसकट कापून टाका. जुनी दोरी पुन्हा वापरू नका, तिच्यात रोग राहतो आणि तिची ताकदही गेलेली असते. क्लिपा आणि हुक ब्लीचिंगच्या पाण्यात अर्धा तास बुडवून, धुऊन, सावलीत वाळवा. बिजागरी सैल झालेली क्लिप फेकून द्या.